जुना पार्ट दाखवल्यावर आम्ही एवढे प्रश्न का विचारतो

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीत (लोखंड ओतून पार्ट बनवायचा कारखाना) बरेच जण पिशवीतून तुटकी पुली नाहीतर पंपाचं कव्हर काढतात आणि म्हणतात, "डिट्टो असंच पाहिजे, चार नग, परवा." मग आम्ही ड्रॉइंग मागतो, बोअर (मधल्या भोकाचं माप) विचारतो, मशिनिंग (ओतल्यावर मशीनवर कापून माप आणणं) कुठं कुठं आहे ते विचारतो, आणि समोरचा वैतागतो. म्हणून एकदाच लिहून ठेवलंय.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततो तेव्हा १४०० डिग्रीच्या आसपास असतं आणि थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिमी. म्हणजे तुमची ३०० मिमीची जुनी पुली तशीच वाळूत दाबून साचा काढला तर नवी येणार २९७ ची, आणि वर लेथवर टर्निंग करायला माल शिल्लकच नाही. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, मोठा करावा लागतो, आकसण्यापुरता आणि मशिनिंगला बाजूला २-३ मिमी सोडून, शिवाय उभ्या बाजूंना एक-दोन डिग्री उतार द्यावा लागतो नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते.

वाळू काळी दिसते ती कोळशाच्या पुडीमुळं, त्यानं कास्टिंगचा (ओतलेल्या पार्टचा) पृष्ठभाग साफ येतो. धरून ठेवायला बेंटोनाइट माती आणि ३-४ टक्के पाणी. पाणी जरा जास्त झालं की वाफ माल थिजायच्या आत बाहेर पडत नाही आणि ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ फुगे, होतात, ते बाहेरून दिसतही नाहीत, टर्निंग झाल्यावर दिसतात आणि मग शिव्या आम्हालाच! जुने मोल्डर मूठभर वाळू दाबून, मोडून बघतात, आम्ही ओलाव्याचं मीटर लावतो आणि तरी मूठ दाबून बघतोच.

साचा दोन पेट्यांत होतो, वरची आणि खालची. बोअरसारखी पोकळी पाहिजे तिथं कोअर बसवायचा, सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू, त्यातून सीओटू गॅस सोडला की कडक होते. मग ओतायचं, थंड होऊ द्यायचं, साचा फोडायचा, रनर-रायझर (माल आत जायच्या वाटांत आणि वर थिजलेलं जादा लोखंड) तोडायचे, फेटलिंग (घासून साफ) करायचं. थंड होऊ द्यायचं यात घाई चालत नाही, त्यामुळं "परवा" जमत नाही.

जाडीचं मात्र ऐकाच. एका जागी ४० मिमी आणि लगेच शेजारी ६ मिमी असेल तर जाड भाग शेवटी थिजतो आणि आत पोकळी धरतो, पातळ भाग पटकन थंड होऊन काचेसारखा कडक होतो, टूल मोडतं. कोपऱ्याला गोलाई घ्या, जाडी हळूहळू बदला, आणि हे पॅटर्न बनायच्या आधी सांगा, नंतर सांगितलं तर खर्च दुप्पट.

ग्रेड पण सांगा. नुसतं "चांगलं बीड" नको, एफजी (साधं राखाडी बीड) २०० की २६० ते पाहिजे, धक्का बसणारा पार्ट असेल तर एसजी (चिवट बीड).

पॅटर्नचे पैसे तुम्ही दिले की तो तुमचाच, ठेवायचं काम आमचं. लाकडी पॅटर्न पावसाळ्यात फुगतो, आणि कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं दरमहा नग लागणार असतील तर ॲल्युमिनियमचाच करून घ्या.