ग्वाल्हेरच्या खडकांची पार्श्वभूमी : लोह, प्राणवायू आणि तारे

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या एकाकी टेकडीवर उभा आहे, तिचा माथा विंध्य समूहातील वालुकाश्माचा आहे. शहराच्या लष्कर या भागातील शिंद्यांच्या छत्र्याही वालुकाश्मातच घडवलेल्या आहेत. किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिर तर थेट खडकात कोरलेले असून, त्यातील इ. स. 876 च्या शिलालेखात 270 ही संख्या शून्याच्या चिन्हासह लिहिलेली आढळते. हा वालुकाश्म शंभर कोटी वर्षांहून जुना आहे; परंतु या परिसरातील खरे वयोवृद्ध थर त्याच्याही खालचे, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. भूविज्ञानात त्यांना ‘ग्वाल्हेर समूह’ म्हणतात. त्याचे पार आणि मुरार असे दोन भाग असून, यांतील मुरार म्हणजे ग्वाल्हेरचे उपनगर असलेले आपले नेहमीचेच मुरार.

मुरार भागातील लोहयुक्त खडकाचा तुकडा हातात घेतला, तर तो तेवढ्याच आकाराच्या वालुकाश्मापेक्षा जड लागतो. त्यावर तांबड्या जास्परचे (गारेसारख्या कठीण दगडाचे) आणि काळपट लोहखनिजाचे पातळ पट्टे एकाआड एक दिसतात. काळपट पट्टा झिलई नसलेल्या फरशीवर घासला की विटकरी रेघ उमटते, कारण त्यात हेमॅटाइट, म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचे संयुग असते. शाळेच्या पुस्तकात रसायन, जीवसृष्टी आणि खगोल ही वेगवेगळी प्रकरणे असतात. या तुकड्याचा उलगडा मात्र तिन्ही एकत्र आणल्याशिवाय होत नाही, आणि म्हणूनच भूविज्ञानाची ओळख करून देताना सुरुवात अशा खडकापासून व्हावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना 1851 साली झाली. त्याचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी 1856 मध्ये ‘विंध्य’ हे नाव रूढ केले, तर सी. ए. हॅकेट यांनी 1870 च्या सुमारास ग्वाल्हेर परिसराचे भूवर्णन प्रसिद्ध केले. त्या पिढीला थरांचा क्रम नीट लावता आला. कोणता थर किती वर्षांपूर्वीचा हे सांगण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते. लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून 1897 मध्ये तिचे वय दोन ते चार कोटी वर्षे ठरवले होते. तोवर किरणोत्सर्गाचा शोध लागला होता, पण खडकांचे वय त्यावरून काढता येईल हे ध्यानात यायला आणखी काही वर्षे जावी लागली. युरेनियमचे शिशात रूपांतर ठरावीक गतीने होते, या आधारावर बोल्टवूड यांनी 1907 मध्ये खनिजांची वये काढून दाखवली आणि कोट्यवधींचा हिशेब शेकडो कोटींवर गेला. पुढे 1956 मध्ये क्लेअर पॅटर्सन यांनी अशनींतील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे निश्चित केले. तो आकडा आजही जवळपास तसाच मानला जातो.

वय समजल्यावर पुढचा प्रश्न रसायनाचा होता. प्राणवायू नसलेल्या पाण्यात लोह विरघळून राहते आणि प्राणवायू भेटताच त्याचा गंज बनून ते तळाशी बसते. आजच्या समुद्रात लोह जवळजवळ विरघळलेले नसते. त्या काळच्या समुद्रात मात्र ते विपुल होते. प्रेस्टन क्लाउड यांनी 1960 नंतरच्या दशकात या खडकांचा संबंध सूक्ष्मजीवांशी जोडला. सायनोबॅक्टेरिया सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडत आणि समुद्रातील लोह तो प्राणवायू शोषून घेई, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे विवेचन मोठे असले, तरी पुरते नाही. प्राणवायूशिवायच, केवळ प्रकाशाच्या बळावर लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे, म्हणजे त्याला गंजासारख्या रूपात आणणारे, जिवाणू 1993 मध्ये सापडले, आणि तेव्हापासून लोहथरांचे श्रेय एकट्या प्राणवायूला देता येत नाही. शिवाय हवेत प्राणवायू साचू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. ग्वाल्हेरचे थर त्यानंतरचे आहेत. तेव्हा हवा बदललेली असली, तरी खोल समुद्र बराच काळ प्राणवायूवाचून राहिला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

लोह मुळात आले कोठून, याचे उत्तर 1957 साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांच्या शोधनिबंधाने दिले. ताऱ्यांच्या गाभ्यात हलक्या अणूंपासून जड अणू बनत जातात. लोहाच्या आसपासच्या अणुकेंद्रकांची बांधणी सर्वांत घट्ट असल्याने त्यापुढे संयोगातून ऊर्जा मिळत नाही, गाभा कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. ज्या वायूमेघातून सूर्य आणि पृथ्वी घडली, त्यात अशा स्फोटांतून उधळलेले लोह आधीच मिसळलेले होते.

अवकाशाची आणखी एक खूण शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात ढाला गावाजवळ आहे. जे. के. पती आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तेथील क्वार्ट्झच्या कणांत प्रचंड आघातानेच उमटणाऱ्या समांतर सूक्ष्म रेषा दाखवून, ते उल्काघाताने झालेले विवर असल्याचे सिद्ध केले. त्याचा व्यास सुमारे 11 किलोमीटर आहे, लोणारचा 1.8. बुंदेलखंडच्या 250 कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटवर हा आघात झाला आणि नंतर, सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वीपासून, विंध्य समूहाचे गाळथर त्यावर साचले. म्हणून त्याचा काळ 250 ते 170 कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान धरतात. लोणारचे काठ अजून ठळक आहेत. ढाल्याचे काठ झिजून गेले असून मध्यभागी सपाट माथ्याचा उंचवटा तेवढा उठून दिसतो.