'गादी सरकली' म्हणजे ऑपरेशनच? नाही हो!

धंतोलीतून मावशी एमआरआयची फिल्म पिशवीत घेऊन घरी आल्या आणि आल्याआल्या रडायलाच लागल्या, रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, असं लिहिलंय, शेजारणीने सांगितलं आता ऑपरेशन नाही केलं तर पाय जातील. ही भीती आपल्या नागपुरात काहून इतकी पसरली आहे बापा!

अहो, १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, त्यातल्या ५२ टक्के लोकांना निदान एका ठिकाणी तरी बल्ज निघाला. पुढे २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले तर काहीच त्रास नसलेल्यांमध्येही विशीत ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांना बल्ज! केस पिकतात तशीच गादीही वाळते. एमआरआय गादीचा आकार दाखवतो, तिच्यातलं पाणी कमी झालेलं दाखवतो, पण दुखणं त्यात दिसत नाही. डॉक्टरांनी मावशींना झोपवून पाय सरळ वर उचलला, टाचांवर चालवलं, मगच रिपोर्ट हातात घेतला आणि व्यायाम सांगितला.

हां, पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा बसायच्या जागी बधिर वाटत असेल तर मात्र त्याच दिवशी इमर्जन्सीत जा, वाट पाहू नका.