सोसायटीच्या ईमेलचा चार्ज: पत्रं हार्ड डिस्कवर कोणी, कशी आणि कोणत्या कागदांवर उतरवायची

कमिटी बदलली की चार्ज देण्याघेण्याची यादी ठरलेली असते. इतिवृत्ताच्या वह्या, शेअर रजिस्टर, चेकबुकं, लिफ्टच्या एएमसीचे कागद, गच्चीच्या किल्ल्या. ईमेलचं मात्र "पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो" एवढ्यावर भागतं. बिल्डरशी, महापालिकेशी, उपनिबंधक कार्यालयाशी झालेला बहुतेक पत्रव्यवहार त्याच जीमेल खात्यात पडलेला असतो, आणि मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नसलेली जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करायची वेळ आली की सात-आठ वर्षांपूर्वीचं एखादं पत्र शोधत बसावं लागतं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नवी कमिटी आली की जुन्या अध्यक्षाने संस्थेची कागदपत्रं आणि मालमत्ता नव्या अध्यक्षाच्या ताब्यात द्यायची असते. कायदा झाला तेव्हा कागद म्हणजे कागदच होता. पण दप्तरातून ईमेल वगळावा असं मला तरी काही कारण दिसत नाही.

कोणाला करता येतं?

इथे दोन वेगवेगळे अधिकार आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. गूगलच्या लेखी खात्याचा मालक एकच: ज्याला लॉगिन करता येतं तो. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, आधार कार्ड यांना तिथे काही किंमत नाही. संस्थेच्या लेखी मात्र अधिकार कमिटीचा. सेक्रेटरीने स्वतःहून सगळी मेल आपल्या लॅपटॉपवर उतरवली तर उद्या कोणीही विचारू शकतं, तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी? त्यामुळे आधी कमिटीच्या सभेत दोन ओळींचा ठराव करावा: संस्थेच्या ईमेल खात्यातील सर्व पत्रव्यवहाराची प्रत संस्थेच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, काम अमुक पदाधिकाऱ्याने करावं, डिस्क संस्थेच्या कपाटात राहील. एवढं पुरे. गूगलकडे वेगळा अर्ज करायचा नसतो आणि फी नसते.

ठरावाबरोबर हाताशी ठेवायच्या गोष्टी कमीच आहेत. खात्याचा पासवर्ड हवा. खात्याला जोडलेला मोबाइल हवा, कारण टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर खातरजमा त्याच फोनवर होते. आणि रिकामी हार्ड डिस्क. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकट जागा १५ जीबी असते, म्हणजे नुसती मेल त्याहून जास्त भरणार नाही. छोटी डिस्कसुद्धा पुरते.

मोबाइलचं काम मात्र आधी उरका. बऱ्याच सोसायट्यांत तो नंबर तीन कमिट्यांपूर्वीच्या सेक्रेटरींचा असतो. ते गृहस्थ फ्लॅट विकून मुलाकडे राहायला गेलेले असतात आणि दुपारी झोपलेले असतात. त्यांना बोलावून, शेजारी बसवून, रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल दोन्ही बदलून घ्या. पासवर्डच हरवला असेल तर खातं पूर्वी ज्या फोनवर किंवा संगणकावर उघडलं जायचं त्यावरूनच रिकव्हरीचा प्रयत्न करा, त्याने यश येण्याची शक्यता वाढते.

खातं उघडणारी व्यक्ती हयात नसेल तर वाट लांबची. मृत व्यक्तीच्या खात्याबाबत गूगलचा वेगळा ऑनलाइन अर्ज आहे. तो जवळच्या नातेवाइकांनी किंवा मृताच्या कायदेशीर प्रतिनिधीने करायचा असतो; अर्जदाराचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. पासवर्ड कोणालाच मिळत नाही, काही प्रसंगी खात्यातला मजकूर मिळू शकतो. सोसायटीने थेट अर्ज करून उपयोग नाही, घरच्यांचं मन वळवावं लागतं.

रीत पहिली: टेकआउट

ज्यांना फार खटपट नको त्यांनी ही वापरावी. संगणकावर संस्थेच्या खात्यात लॉगिन करून गूगल टेकआउट, म्हणजे खात्यातला मजकूर एकगठ्ठा उतरवून द्यायची गूगलची सोय, उघडा. सुरुवातीला सगळ्याच सेवांवर खूण असते; "डिसिलेक्ट ऑल" करून फक्त मेलवर खूण करा. पुढच्या पानावर फाइल झिप हवी की टीजीझेड आणि एकेक तुकडा किती मोठा हवा, हे विचारतात. झिप घ्या. प्रत कुठे पाठवू, या प्रश्नाला "लिंक ईमेल करा" हेच उत्तर द्या. ड्राइव्हमध्ये ठेवायला सांगितलंत तर ती प्रत त्याच १५ जीबीमध्ये घुसते आणि खातं भरून नवी पत्रं यायची थांबतात.

लिंक यायला कधी तासभर, कधी दोन दिवस लागतात. आली की आठवड्याभरात उतरवून घ्यायची, नंतर तिची मुदत संपते. झिपमध्ये एमबॉक्स प्रकारची, म्हणजे सगळी पत्रं एकामागोमाग लिहिलेली, एक भलीमोठी फाइल मिळते. तुम्ही हौसेने केलेली "बिल्डर", "थकबाकी", "पार्किंग भांडणं" ही लेबलं तिथे वेगळ्या फोल्डरांत दिसत नाहीत. ती प्रत्येक पत्राच्या माथ्यावरच्या ओळींत नोंदलेली असतात. हरवत काही नाही, पण चाळायला गैरसोयीचं. लेबलं मोजकीच असतील तर टेकआउटमध्ये मेलच्या खाली एकेक लेबल निवडायची सोय आहे, तीही वापरता येते.

रीत दुसरी: थंडरबर्ड, आणि त्यातला खड्डा

थंडरबर्ड हा फुकट मिळणारा मेल प्रोग्रॅम. त्यात संस्थेचं खातं जोडलं की गूगलची लॉगिनची खिडकी उघडते, परवानगी दिली की फोल्डर दिसू लागतात. नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून जोडायची जुनी सोय गूगलने साध्या खात्यांसाठी मे २०२२ मध्ये बंद केली. एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती खिडकी उघडतच नसेल तर टू-स्टेप चालू करून फक्त त्या प्रोग्रॅमसाठीचा १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो.

आता नीट वाचा. हे खातं आयमॅप पद्धतीने जोडलेलं असतं आणि आयमॅप म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरच्या खात्याचा आरसा. पत्रं तुमच्या संगणकावर उतरलेली दिसतात, नेट नसतानाही वाचता येतात, म्हणून माणसाला वाटतं की झाला बॅकअप. आमच्या सोसायटीत हे मीच करून दाखवलंय. खातं भरलं होतं, पत्रं "संगणकावर आलीच आहेत" म्हणून मी थंडरबर्डमधून जुनी दोन वर्षं एका फटक्यात डिलीट केली. संध्याकाळी खजिनदारांचा फोन: त्यांच्या मोबाइलवरूनही ती पत्रं गायब. सर्व्हरवरूनच गेली होती ती. जीमेलची कचरापेटी ३० दिवस ठेवते म्हणून वाचलो.

म्हणून खरी प्रत डाव्या बाजूच्या "लोकल फोल्डर्स" या घरातच करायची. तिथे राइट क्लिक करून नवा फोल्डर करा, समजा "सोसायटी २०२० ते २०२५". मग खात्यातला फोल्डर उघडून कंट्रोल-ए ने सगळी पत्रं निवडा आणि राइट क्लिक करून "कॉपी टू" ने या नव्या फोल्डरात टाका. त्याच मेनूत जवळच "मूव्ह टू" असतं, तिकडे हात जाऊ देऊ नका.

जीमेलची एक खोड लक्षात ठेवा. एका पत्रावर तीन लेबलं असतील तर ते आयमॅपमध्ये तीन फोल्डरांत दिसतं, सगळे फोल्डर कॉपी केले तर तीनदा उतरतं. पूर्ण दप्तर हवं असेल तर फक्त "ऑल मेल" कॉपी करा. स्पॅम आणि कचरापेटी सोडून त्यात प्रत्येक पत्र एकदाच असतं. विषयवार हवं असेल तर लेबलं घ्या आणि दुबार पत्रं सोसा. मी दोन्ही ठेवतो, जागा स्वस्त आहे. खातं मोठं असेल तर काम दोन-तीन दिवसांत वाटून घ्या, कारण आयमॅपने एका दिवसात किती उतरवता येईल याला गूगलची मर्यादा आहे.

पत्रं लोकल फोल्डर्समध्ये आली, पण अजून ती तुमच्याच लॅपटॉपवर आहेत. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडा, त्यात "मेल" आणि आत "लोकल फोल्डर्स" सापडेल. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर संस्थेच्या डिस्कवर घ्या. पेन ड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही आणि जागा असूनही नकार देतो. अशा वेळी तो आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

कोर्टाची शक्यता असेल तर

बिल्डरशी वाद किंवा सभासदाविरुद्ध वसुली चालू असेल तर नुसत्या प्रिंटवर भिस्त ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहावी लागते, म्हणजे फाइलवरून निघणारी आकडे-अक्षरांची एक लांब ओळ. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. सेव्हन-झिप टाकलेल्या संगणकावर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ निवडलं की ही ओळ मिळते. प्रत घेतल्याच्या दिवशीच ती काढून ठेवा. पुढचं वकिलांना विचारून.

प्रत खरंच झाली का, हे बघायला दुसऱ्या कोणाचा तरी संगणक घ्या, ज्यावर सोसायटीचं खातं कधी उघडलेलं नाही. वायफाय बंद करा. थंडरबर्ड बंद असताना डिस्कवरच्या फाइली त्याच्या लोकल फोल्डर्सच्या जागी ठेवा आणि मग ते उघडा. टेकआउटची एमबॉक्स फाइल असेल तर ती थंडरबर्डमध्ये आणायला इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी हे अ‍ॅड-ऑन आधीच घालून ठेवा. सगळ्यात जुनं, सगळ्यात नवं आणि मधलं एखादं जोडपत्र असलेलं, अशी तीन पत्रं उघडून बघा. पीडीएफ उघडली पाहिजे.

मग चार्ज यादीत किल्ल्यांच्या खाली एक ओळ वाढवायची: "ईमेल पत्रव्यवहार, अमुक तारखेपर्यंतचा, एक हार्ड डिस्क, एकूण पत्रं इतकी, हॅश सोबत जोडली आहे, रिकव्हरी मोबाइल बदलून दिला." खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.