बूट होताना अडकलेल्या हायपरवायझरचा माग

सर्व्हर सुरू केला, स्क्रीनवर ओळी भराभर सरकल्या आणि एका ओळीवर सगळं थांबलं. एरर नाही, रीस्टार्ट नाही. अशा वेळी बहुतेक जण त्या शेवटच्या ओळीचा फोटो काढतात आणि दोष तिच्यातच शोधू लागतात. माझ्या मते दिशाभूल तिथूनच सुरू होते. ती ओळ एवढंच सांगते की तिथपर्यंतचा मजकूर स्क्रीनवर पोचला. मशीन प्रत्यक्षात अडकलं ती जागा बरीच पुढे असू शकते.

हायपरवायझर म्हणजे एकाच मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी चालवणारं सॉफ्टवेअर. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या मेनफ्रेमवर हे करून दाखवलं होतं. आज क्लाउडचा मोठा भाग याच तंत्रावर उभा आहे. यातला झेन हा हायपरवायझर केंब्रिज विद्यापीठात जन्मला आणि २००३ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. झेन थेट हार्डवेअरवर बसतो, पण स्वतः अगदी थोडं काम करतो. प्रोसेसर, मेमरी आणि इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरचं लक्ष वेधायला दिलेला इशारा) यांची वाटणी त्याच्याकडे असते. डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर असतात ‘डोमेन झिरो’ नावाच्या पहिल्या, विशेष अधिकार असलेल्या सिस्टिममध्ये, आणि ती बहुधा लिनक्स असते. म्हणजे बूट होताना आधी फर्मवेअर (मदरबोर्डमध्येच असलेलं सॉफ्टवेअर), मग बूटलोडर (पुढचं सॉफ्टवेअर मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम), मग झेन, मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, असा ताबा पुढे सरकतो. अडचण बहुधा या हस्तांतराच्या आसपासच येते.

झेनचंच बघा. डोमेन झिरो सुरू करताना तो ‘व्हीजीए कन्सोल सोडतो आहे’ अशा अर्थाची ओळ छापतो आणि स्क्रीनवरचा हक्क सोडून देतो. आता छापायचं काम लिनक्सचं. लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला, किंवा मजकूर कुठे पाठवायचा हेच त्याला सांगितलेलं नसलं, तर स्क्रीन त्याच ओळीवर राहते आणि मशीन मात्र आत व्यवस्थित चालू असतं. म्हणून सर्वांत आधी शेजारच्या कॉम्प्युटरवरून पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून पाहावं. उत्तर आलं तर प्रश्न फक्त डिस्प्लेचा आहे. मग लिनक्सच्या बूट ओळीत (सुरू होताना त्याला दिलेल्या पर्यायांच्या यादीत) ‘नोमोडसेट’ घालून, म्हणजे कर्नलला स्क्रीनचा मोड बदलू न देता पाहणं हा साधा आणि बऱ्याचदा लागू पडणारा उपाय.

पिंगला उत्तर नसेल तर मशीनला बोलतं करायला दुसरी वाट हवी, आणि ती म्हणजे जुना सीरियल पोर्ट. तो चालवायला ना ग्राफिक्स लागतं, ना मोठा ड्रायव्हर. सर्व्हरवर हीच सोय रिमोट मॅनेजमेंटच्या चिपमधून नेटवर्कवरही मिळते. नेहमीचा वेग १,१५,२०० बॉड. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरं. हा वेग प्रोसेसरच्या मानाने अगदी कमी, त्यामुळे मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात जमतो. मशीन अडकलं की बफरमधलं उरलेलं तिथेच राहतं आणि नेमक्या हव्या त्या ओळी हाती लागत नाहीत. झेनला ‘सिंक कन्सोल’ हा पर्याय दिला की तो अक्षर बाहेर पडेपर्यंत थांबतो. बूट मंदावतं, पण आता शेवटची ओळ खरोखर शेवटची असते. लॉगची, म्हणजे छापल्या जाणाऱ्या नोंदींची पातळीही कमाल ठेवावी.

याच सीरियल वाटेने उलट प्रश्नही विचारता येतो. कंट्रोल आणि ए ही जोडी तीनदा दाबली की कीबोर्ड थेट झेनशी जोडला जातो. झेनने प्रतिसाद दिला तर तो जिवंत आहे, अडकलाय लिनक्स. मग शून्य दाबावं. डोमेन झिरोच्या प्रोसेसरचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) छापले जातात आणि त्यात सध्या चालू असलेल्या सूचनेचा पत्ता असतो. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दाबून पाहावं. पत्ते एकाच लहानशा पट्ट्यात घोटाळत असतील तर कोड लूपमध्ये फिरतोय. प्रोसेसर रिकामा बसलेला दिसला तर कुठल्या तरी डिव्हाइसच्या इंटरप्टची वाट पाहणं चाललंय. कर्नलच्या सिम्बॉल फाइलशी, म्हणजे पत्ते आणि फंक्शनच्या नावांच्या यादीशी, पत्ता ताडून पाहिला की फंक्शनचं नाव मिळतं. तासन्‌तास अंदाज करण्यापेक्षा हे एक नाव मोलाचं.

झेनही गप्प असेल तर वॉचडॉग, म्हणजे मशीन अडकलंय का यावर लक्ष ठेवणारी झेनची सोय, चालू करून बूट करावं. पाच सेकंद झेनच्या प्रोसेसरकडून हालचाल नाही असं दिसलं, तर टाळता न येणाऱ्या इंटरप्टने वॉचडॉग चालू कोड थांबवतो आणि सगळी स्थिती छापतो. वॉचडॉग सुरू झाल्यावरही मशीन मुकाट अडकलं तर माझा पहिला संशय फर्मवेअरवर जातो. कारण प्रोसेसर सिस्टिम मॅनेजमेंट मोडमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या खासगी अवस्थेत असताना तो इंटरप्टही रोखलेला असतो.

इथे आयओएमएमयूचा संबंध येतो. डिव्हाइस परस्पर मेमरीत लिहितात, आणि कोणी कुठे लिहायचं हे आयओएमएमयू दारावरच्या रखवालदारासारखा तपासतो. काही डिव्हाइसना फर्मवेअरने मेमरीचे तुकडे राखून दिलेले असतात. यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीचा भासवणारी ‘लेगसी सपोर्ट’ सोय हे नेहमीचं उदाहरण. इंटेलच्या मशीनवर या तुकड्यांची यादी फर्मवेअरने एसीपीआयच्या (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) एका तक्त्यात द्यायची असते. यादीत एखादा तुकडा राहिला, तर आयओएमएमयू चालू होताच त्या डिव्हाइसची वाट बंद होते आणि त्याच्या भरवशावर असलेला फर्मवेअरचा कोड अडकू शकतो. तपासायचं असेल तर एका बूटला फक्त लेगसी सपोर्ट बंद करावा, दुसऱ्याला फक्त आयओएमएमयू. दोन्ही एकदम बदलले तर मशीन सुरू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही.

आयओएमएमयू कायमचा बंद ठेवणं मात्र मला पटत नाही. एका व्हर्च्युअल मशीनला दिलेलं डिव्हाइस दुसऱ्याच्या मेमरीत लिहू नये, ही हमी त्याच्यावरच अवलंबून आहे. फर्मवेअरचं अपडेट असेल तर आधी ते टाकावं. नसेल, आणि सुटलेला तुकडा कोणता हे लॉगमधून कळलं असेल, तर तो पत्ता आणि त्या डिव्हाइसचा क्रमांक झेनच्या बूट ओळीत हाताने देता येतो. मग आयओएमएमयू चालू ठेवूनच मशीन बूट होतं.