मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

सत्तरीतले आजोबा एकाएकी चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात. नजर परत आली म्हणून घरात कौतुक होतं. पण त्याच आजोबांना समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता येत नाही, आणि रात्री गाड्यांच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात. नजर सुधारलेली नसते. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते. मग जवळचं काही काळ नीट दिसतं आणि लांबचं धूसर होत जातं. मोतीबिंदूची सुरुवात पुष्कळदा अशीच होते.

हे भिंग बाहुलीच्या मागे असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ते पारदर्शक राहतं. त्याचा सुमारे एकतृतीयांश भाग क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांचा असतो. गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि शेवटपर्यंत तीच राहतात, नवी येत नाहीत. वर्षानुवर्षांच्या रासायनिक बदलांनी ती विस्कटतात, एकमेकांना चिकटतात आणि प्रकाश विखुरतो. अंडं उकडल्यावर त्यातला पारदर्शक भाग पांढरा होतो, तसाच हा न उलटणारा बदल. त्यामुळे कुठल्याही थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. मध किंवा वनस्पतींचा रस घालून तर उलट जंतुसंसर्गाचा धोका असतो.

‘अजून पिकला नाही, थांबू या’ हा सल्ला एके काळी योग्यच होता. तेव्हा अख्खं भिंग काढत, टाके घालत, आणि नंतर जाडजूड चष्मा जन्माला चिकटे. दिसायचं जवळजवळ बंद झाल्यावरच एवढा त्रास घेण्यात अर्थ होता. चित्र पालटायला सुरुवात झाली २९ नोव्हेंबर १९४९ रोजी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे घुसत. डोळा ते तुकडे फारशी कुरकुर न करता सामावून घेतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली. ती त्यांना दातांच्या डॉक्टरांच्या यंत्रावरून सुचली होती.

आज बहुतेकदा थेंबांनी डोळा बधिर करतात, दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, आणि घडी घातलेलं भिंग त्याच चिरेतून आत जाऊन उलगडतं. पेशंट सहसा त्याच दिवशी घरी जातो. थांबल्याने मात्र भिंग कडक होतं, ते फोडायला जास्त ऊर्जा लागते, किंवा चीर मोठी घ्यावी लागते. फारच पिकलं तर त्यातली प्रथिनं बाहेर झिरपून डोळ्यातला दाब चढतो, डोळा ठणकतो आणि दृष्टीची नस कायमची खराब होऊ शकते. तांदूळ निवडताना, जिना उतरताना किंवा गाडी चालवताना अडायला लागलं, की डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलावं. हिवाळ्याचीही वाट पाहायचं कारण नाही. आपल्या देशात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वापैकी सुमारे दोनतृतीयांश मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. ऑपरेशनने जाणारं हे अंधत्व इतक्या लोकांनी सोसावं, याचं फार वाईट वाटतं.

मोतीबिंदू वयामुळेच होतो असं नाही. मधुमेहात तो लवकर येतो. तंबाखूचं धूम्रपान आणि वर्षानुवर्षांचं कडक ऊन यांनीही धोका वाढतो, म्हणून शेतात रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरावा. सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्टेरॉइडच्या थेंबांची. मुलाचे डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून एकदा थेंब आणले, लगेच आराम पडला, मग तीच बाटली महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा आणली जाते. त्यातून कोवळ्या वयात मोतीबिंदू होतो आणि काचबिंदूही. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हे थेंब डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घालावेत.

ऑपरेशननंतर डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर ‘मोतीबिंदू परत आला’ असं समजून घाबरू नये. कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा अनेकदा गढूळ होतो, आणि लेसरने तो काही मिनिटांत, टाका न घालता मोकळा करता येतो.