स्फोट तोच, नुकसान वेगळं

स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे, आणि अमरावती रोडला बाजारगावकडे स्फोटकांचे कारखाने. त्यामुळे 'किती लांब राहिलं म्हणजे धोका नाही?' हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी उरत नाही.

जुना हिशेब घनमुळाचा. स्फोटकं आठपट झाली, तर तोच दाब फक्त दुप्पट अंतरापर्यंत पोचतो. पण हे गणित मोकळ्या सपाट जागेचं. काटोलकडच्या पडीक रानात ते चालेल, इतवारीच्या गल्लीत नाही.

मोकळ्यावर स्फोटाच्या दाबाची लाट चहूकडे पसरते, आणि पसरण्यातच तिचा जोर ओसरतो. गल्लीत दोन्हीकडे तीन-तीन मजले उभे असले की तिला बाजूला सरायला वावच नसतो. दाब सरळ रस्त्याने लांबवर टिकतो. समोरच्या भिंतीवर आदळली, तर भिंतीला बसणारा दाब निदान दुप्पट होतो, लाट फार जबरदस्त असेल तर आठपटीपर्यंत. घरामागे आडोसा मिळतो खरा, पण अर्धवट: लाट दोन्ही कोपऱ्यांवरून आणि छपरावरून वळून येते आणि मागे थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र होते. बारूदखान्याभोवतीच्या मातीच्या बांधाचंही तसंच. तो उडणारे तुकडे अडवतो, लाट त्याला ओलांडून जाते.

हे सगळं संगणकावर कसं मांडतात? हवेचे छोटे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येकातला दाब, घनता, वेग क्षणाक्षणाला मोजत जायचं. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की ठोकळे आठपट, वेळेची पावलं दुप्पट, म्हणजे काम सोळापट. म्हणून मोठे ठोकळे घेण्याचा मोह होतो. त्यात लाटेचं टोक बोथट होतं आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. रंगीत चित्र कितीही देखणं असो, मी आधी ठोकळ्याचं माप विचारीन.

दुसरा प्रश्न खिडक्यांचा. हवेचा नेहमीचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. त्यावर मोजके किलोपास्कल चढले तरी काच फुटते. फुटली की लाट घरात शिरते आणि रस्त्यावरचा दाब थोडा उतरतो. खिडकीला भिंत समजणारं मॉडेल रस्ता आणि खोली, दोन्हीकडे चुकतं.

४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनच्या बैरूत बंदरात अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा स्फोट झाला; नोंदीप्रमाणे साठा सुमारे २,७५० टनांचा होता. शेजारच्या धान्याच्या सायलोंमुळे, म्हणजे उंच कोठारांमुळे, पश्चिमेकडच्या भागाला काहीसा आडोसा मिळाला.

हवामानही यात आलंच. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. वर निघालेली लाट मग वाकून खाली येते, आणि एरवी जिथे काही ऐकू येत नाही तिथल्या खिडक्याही खडखडतात. खाणीतलं ब्लास्टिंग पहाटेऐवजी दुपारी उरकण्यामागे हेही एक कारण आहे.