औंस आणि फ्लुइड औंस एक नव्हेत

लिटर-मिलिलिटर सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. अमेरिकी कोष्टकही अवघड नाही: गॅलनमध्ये चार क्वार्ट, क्वार्टात दोन पिंट, पिंटात दोन कप, कपात आठ फ्लुइड औंस. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, कप २३७ मिली. अमेरिकेतल्या पोषण-तक्त्यांवर तोच कप २४० मिली धरतात. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, त्यामुळे २३६.५८८ असा आकडा घेऊन स्वयंपाकाला उभं राहू नका.

बिघडतं ते औंसापाशी. औंस हे वजन आहे, २८.३५ ग्रॅम. फ्लुइड औंस हे आकारमान आहे, २९.५७ मिली. आकडे जवळजवळचे, आणि बोलताना 'फ्लुइड' गळून पडतं. मग 'एक औंस म्हणजे किती मिली?' असं विचारलं जातं आणि कशाचा औंस हे न विचारता लोक उत्तरही देऊन टाकतात. याचा मला खरंच वैताग येतो.

कृतीत ८ औंस मैदा लिहिलाय. मेजरिंग कपावर ८ औंसाची रेघ आहे, म्हणून तिथपर्यंत मैदा भरला. ती रेघ फ्लुइड औंसाची. कपभर मैदा भरतो जेमतेम १२५ ग्रॅम, हवा होता २२७. जवळजवळ निम्माच पडला. मिश्रण पातळ, केक बसलेला, आणि दोष मात्र ओव्हनला. मधाचं उलट: कपभर मध सुमारे ३४० ग्रॅम, म्हणजे वजनाने १२ औंस. १२ औंसाच्या बाटलीत कप एकच निघतो, दीड नाही.

पाण्यापुरतं दोन्ही सारखं, हा समज ब्रिटिश मापातून आलेला असावा. तिथला गॅलन १८२४ मध्ये दहा पौंड पाण्यावरून ठरला, त्यामुळे फ्लुइड औंसभर पाणी औंसभरच भरतं. अमेरिकेने मात्र २३१ घन इंचांचा जुना वाइन गॅलन ठेवला. पिंटही वेगळे: अमेरिकी ४७३ मिली, ब्रिटिश ५६८.

अमेरिकी वेष्टनावर औंसाशेजारी मेट्रिक आकडाही असतो. तिथे ग्रॅम असेल तर वजन, मिली असेल तर आकारमान. कृतीत नुसतं 'औंस' असेल, तर कोरड्या जिन्नसासाठी मी सरळ काटाच काढते.